शंभर वॉटची शाळा

भारतात कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या रेडिओ केंद्राला परवाना मिळतो तो सहसा १०० वॉट प्रभावी शक्तीच्या प्रक्षेपणाचा. घरातला मिक्सर ५०० ते ७५० वॉटचा असतो. म्हणजे चटणी वाटायला लागते त्याच्या पाचव्या-सातव्या हिश्श्याइतकी शक्ती हवेत सोडून हे केंद्र बोलतं. अँटेनाची उंची जमिनीपासून जास्तीत जास्त ३० मीटर. आवाज पोहोचतो पाच ते दहा किलोमीटर, आणि मध्ये टेकडी आली तर तेवढाही नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची १०७.४ वरची ‘विद्यावाणी’, मुंबई विद्यापीठाने १०७.८ वर सुरू केलेला ‘मस्ट रेडिओ’, बारामतीच्या विद्या प्रतिष्ठानची ‘वसुंधरा वाहिनी’ ही सगळी याच मापाची केंद्रं.

आज पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्या मुलीच्या खिशातल्या मोबाईलवरून अमरावतीतून न्यू जर्सीपर्यंत फुकटात थेट प्रक्षेपण करता येतं. मग पाच किलोमीटरच्या रेडिओसाठी खोली अडवायची कशाला, परवान्याची कागदपत्रं सांभाळायची कशाला, असं आर्थिक अंदाजपत्रकाच्या वेळी हमखास कुणीतरी विचारतं. प्रश्न गैर नाही. माझं उत्तर असं, की कॉलेजच्या स्टुडिओची गरज पूर्वीपेक्षा आज जास्त आहे, फक्त तिचं कारण पार बदललं आहे. पूर्वी विद्यार्थी तिथे यंत्रासाठी जात, कारण यंत्र दुसरीकडे कुठेच नव्हतं. आता यंत्र प्रत्येकाकडे आहे. नाही ते घड्याळ, आपलं काम ऐकणारा अनोळखी माणूस, आणि चूक झाली तर जाब विचारणारं कुणीतरी.

यंत्राची टंचाई किती होती, हे आजच्या मुलांना सांगून खरं वाटत नाही. १८८५च्या टेलिग्राफ कायद्याने रेडिओलहरींवरचा हक्क सरकारच्या हाती ठेवला होता, आणि स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशकं प्रसारण म्हणजे आकाशवाणी आणि नंतर दूरदर्शन, बस. कॉलेजच्या मुलांसाठी एक दार किलकिलं झालं ते २१ जुलै १९६९ रोजी, दिल्लीत ‘युववाणी’ सुरू झाली तेव्हा. पुढे ती इतर केंद्रांवरही आली. स्वरचाचणी देऊन कॉलेजची पोरं मायक्रोफोनसमोर बसली, थोडंफार मानधनही मिळालं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये १९७४ साली दिल्लीहून दूरदर्शनचं प्रशिक्षण केंद्र आलं, पण तिथल्या स्टुडिओत शिरायला मिळणारे किती? १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम इन्सॅट उपग्रहामार्फत दूरदर्शनवर येऊ लागले. त्यांसाठी विद्यापीठांत माध्यमकेंद्रं उभी राहिली आणि काही विद्यार्थ्यांना कॅमेऱ्याच्या मागे उभं राहता आलं. तेही काहींनाच.

९ फेब्रुवारी १९९५ला सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल दिला. खटला होता क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाचा, पण त्याचा दूरचा लाभ कॉलेजांना झाला. २००२च्या डिसेंबरात शिक्षणसंस्थांना रेडिओ केंद्र काढायची परवानगी देणारं धोरण आलं, आणि १ फेब्रुवारी २००४ला चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाच्या आवारातून ९०.४ मेगाहर्ट्झवर ‘अण्णा एफएम’ सुरू झालं. देशातलं हे पहिलं कँपस सामुदायिक केंद्र. २००६मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही परवानगी मिळाली. आज देशभरात अशी सुमारे ५०० केंद्रं आहेत.

तंत्र बदललं म्हणजे नेमकं काय झालं, हे बघायला एक खोकला पुरे. मुलाखत देणारे गृहस्थ बोलता बोलता अर्धा सेकंद खोकले, आणि तो खोकला काढायचा आहे. फितीच्या काळात आवाज पाव इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर असे, आणि ती फीत नेहमीच्या वेगाने सेकंदाला साडेसात इंच, म्हणजे सुमारे १९ सेंटिमीटर सरके. तेव्हा खोकल्याची लांबी झाली साडेनऊ सेंटिमीटर. संकलक दोन्ही स्पूल हाताने पुढे-मागे फिरवी. आवाज घोगरा, लांबट ऐकू येई आणि त्यातून खोकल्याची सुरुवात कानाने पकडावी लागे. तिथे मेणाच्या पेन्सिलीने खूण. शेवटाला दुसरी खूण. मग फीत खाचेत बसवून ब्लेडने तिरका छेद द्यायचा. छेद तिरका अशासाठी, की सांधा हळूहळू पुढे सरकावा आणि ‘टक्’ असा आवाज येऊ नये. मागून चिकटपट्टी लावली की काम झालं. कापलेला तुकडा मात्र लगेच फेकायचा नाही. त्यात एखादा श्वास असे, आणि पुढे दोन वाक्यांमध्ये तोच श्वास लागे.

आता हेच काम पडद्यावर होतं. ‘ऑडॅसिटी’सारखं विनामूल्य सॉफ्टवेअर २००० सालापासून आहे. आवाजाची नक्षी दिसते, खोकल्याचा उंचवटा दिसतो, तो निवडला आणि खोडला. चुकलं तर मागे जायची सोय आहेच. अर्ध्या मिनिटाचा मामला. यात वाईट काहीच नाही, उलट ज्या गावात स्पूलचं यंत्र कधी पोहोचलं नसतं तिथली मुलगी आज संकलन करते. पण डोळ्यांनी संकलन करायची सवय लागली की कान आळशी होतात. नक्षी सुबक दिसते, आणि ऐकताना माणूस श्वास न घेता सलग बोलत सुटलेला असतो. म्हणून चांगले शिक्षक अंतिम तपासणीच्या वेळी पडदा बंद करायला लावतात आणि मुलांना नुसतं ऐकायला बसवतात.

मराठीत यापुढचा एक धोका आहे. आपल्या वाक्याचा निकाल शेवटी लागतो. “आमच्या वस्तीत पाणी नियमित येतं असं मला तरी म्हणता येणार नाही,” असं एखादी बाई बोलते. वीस सेकंदांची बाईट हवी म्हणून कुणी घाईने ‘येतं’पाशी कापलं, तर बाईच्या तोंडी नेमकी उलट साक्ष गेली. वर्गात संपादनाच्या नीतीवर कितीही तास घ्या, हे इतकं लख्ख कळत नाही. तीच बाई दुसऱ्या दिवशी केंद्राच्या दारात येऊन “मी असं कधी बोलले?” विचारते तेव्हा कळतं. पाच किलोमीटरच्या केंद्राचं खरं मोल इथे आहे. ऐकणारी माणसं चालत येऊन गाठू शकतील इतकी जवळ असतात. इंटरनेटवरच्या हजार अनोळखी दर्शकांपैकी कुणी असं दारात येत नाही.

ध्वनिमुद्रणाचंही तसंच आहे. मोबाईलचा मायक्रोफोन इतका चांगला झाला आहे की मुलांना वाटतं, आता शिकायचं काय उरलं? तो चहूबाजूंचं ऐकतो आणि बोलणारा थांबला की बहुतेक वेळा आपणहून आवाज वाढवतो. त्यामुळे प्रत्येक विरामात छताचा पंखा फुगून वर येतो. यावरचा इलाज फारसा खर्चाचा नाही. माईक तोंडाच्या जवळ न्यायचा. मोकळ्या जागेत अंतर वितीवरून दोन वितींवर गेलं की आवाजाची पातळी ६ डेसिबलने घटते, मागचा गोंगाट मात्र आहे तेवढाच राहतो. पण अगदी ओठांशी नेला तर ‘भाऊ’, ‘फुलं’, ‘पाऊस’ म्हणताना हवेचा झोत माईकच्या पडद्यावर आदळून धप्प आवाज येतो. आपल्या भाषेत अशी अक्षरं पावलोपावली. म्हणून माईक थोडा तिरका, तोंडाच्या कोपऱ्याकडून धरायचा. मुलाखत संपल्यावर कुणीही न बोलता अर्धा मिनिट त्या जागेचा नुसता आवाज मुद्रित करायचा, तो सांधे बुजवायला कामी येतो. मंडईत भाजीवाल्या मावशींसमोर हे सगळं सांभाळत, त्यांच्या गिऱ्हाइकाची अडवणूक न करता, त्यांच्या डोळ्यांत बघून प्रश्न विचारणं ही कसरत वर्गात बसून येत नाही.

पातळीचा आणखी एक बारकावा जुन्या मंडळींकडून नव्यांनी घ्यावा आणि नव्या यंत्राप्रमाणे बदलून घ्यावा. फितीवर काटा लाल भागात शिरला तर आवाज हळूहळू फाटे, थोडं खपून जाई. डिजिटलमध्ये शून्याची रेषा हे छत आहे. त्यावर गेलेला आवाज सपाट कापला जातो आणि पुढे कशानेही धड दुरुस्त होत नाही. त्यामुळे वरती मोकळी जागा राखून मुद्रण करायचं. तंत्र बदललं की जुन्या हातांनाही पुन्हा शिकावं लागतं, ते हे असं.

आता थेट प्रसारणाचा एक तास बघा. समजा, प्रवेशाचे दिवस आहेत आणि संध्याकाळी पाचचा कार्यक्रम नॉन-क्रीमी लेयरच्या दाखल्यावर आहे. कन्सोलवर एक मुलगा, माईकसमोर निवेदिका, काचेपलीकडे निर्माती, फोनवर चौथा. पाचला पाच मिनिटं कमी आहेत आणि पाहुणे सिग्नलला अडकलेत. क्यू शीटवर पहिली बारा मिनिटं त्यांचीच. निर्माती शीट उलटीपालटी करते: आधी विद्यार्थ्यांच्या प्रतिक्रियांची ध्वनिफीत, मग गाणं, मग पाहुणे. तिने निवेदिकेला सांगायचं ते बोटांनी, कारण लाल दिवा लागलेला आहे. प्रतिक्रियांची फाईल भलत्याच नावाने साठवलेली निघते. कन्सोलवरचा मुलगा ती शोधेपर्यंत निवेदिकेला वीस सेकंद बोलायचं आहे, आणि ते भरताड वाटता कामा नये. चार सेकंदांची शांतता स्टुडिओत किती लांब वाटते हे ज्याने अनुभवलं, तो पुढे फाईलला नाव देताना तारीख, विषय आणि लांबी लिहितो. सांगावं लागत नाही. पाहुणे येतात, फोन सुरू होतात, आणि जवळच्या वस्तीतली एक आई विचारते, “कामावरनं सुट्टी घेऊन आले आणि खिडकी बंद असली तर? जेवणाची वेळ कितीपासून किती?” चौघांनी दोन दिवस तयारी केली होती, पण हा प्रश्न कुणाच्याच वहीत नव्हता.

वाहिन्यांतली इंटर्नशिप याची जागा भरून काढते का? थोडीफार. २००७-०८मध्ये मराठी वृत्तवाहिन्या पाठोपाठ आल्या आणि पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना खऱ्या न्यूजरूमचं दार उघडलं. तिथला वेग, बातमीचा माग, डेस्कवरचा ताण हे कॉलेजात मिळणं अवघड. परंतु मोठ्या ठिकाणी शिकाऊ मुलाच्या वाट्याला एक कोपरा येतो: कुणी महिनाभर खालची पट्टी टाइप करतं, कुणी आलेल्या बाईट्सची नोंद ठेवतं. ते योग्यही आहे, लाखो प्रेक्षकांसमोर नवख्याला कोण सोडेल? कॉलेजच्या केंद्रात मात्र तोच मुलगा सोमवारी निवेदक, बुधवारी संकलक, शनिवारी हमाल असतो. सगळी कामं केलेली असली की पुढे कुठल्याही एका कोपऱ्यात बसवलं तरी शेजारच्याला आपल्याकडून काय हवं आहे ते कळतं. तंत्र दर पाच वर्षांनी कूस बदलतं. उपग्रहाची तबकडी मिरवणारी ओबी व्हॅन जाऊन पाठीवरच्या पिशवीतली, अनेक सिमकार्डं एकवटून चित्र पाठवणारी यंत्रं आली. आज विनामूल्य ‘ओबीएस’वर दोन-तीन मोबाईल जोडून बहुकॅमेरा प्रक्षेपण होतं. पण “कॅमेरा दोन तयार… घ्या” हे ऐकल्यावर कॅमेरा दोनवाल्याने हलायचं नाही, ही शिस्त संघात राहूनच अंगी येते.

तंत्र बदलतं तेव्हा विद्यार्थी नेहमी मागूनच येतात असंही नाही. अमेरिकेत ब्राउन विद्यापीठातल्या मुलांनी १९३६ साली वसतिगृहांमधून तारा ओढून आपलं रेडिओचं जाळं उभं केलं होतं. नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिलचं विद्यार्थी केंद्र डब्ल्यूएक्सवायसी ७ नोव्हेंबर १९९४ला आपलं प्रसारण इंटरनेटवरून देऊ लागलं. जगात असं करणाऱ्या अगदी पहिल्या रेडिओ केंद्रांत त्याची गणना होते. व्यापारी केंद्रांना फसण्याची भीती असते, विद्यार्थ्यांना फसणं परवडतं.

त्याच देशातली ह्यूस्टनची गोष्ट मला फार बोलकी वाटते. राइस विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचं केटीआरयू हे केंद्र ९१.७ वर चाले. विद्यापीठाने २०१०मध्ये ती लहर आणि प्रक्षेपक ह्यूस्टन विद्यापीठाला ९५ लाख डॉलरना विकायचा करार केला. आता मुलं इंटरनेटवरच ऐकतात, हा युक्तिवाद त्या काळात सर्रास होता. २०११च्या एप्रिलमध्ये ९१.७ वरचा त्यांचा आवाज थांबला. इंटरनेटवरचं प्रसारण चालू राहिलं, म्हणजे हिशेबाने काहीच गेलं नव्हतं. तरी त्या मंडळींनी कमी शक्तीच्या परवान्याची खटपट केली आणि २०१५मध्ये ९६.१ वर ती पुन्हा हवेत आली. आधीपेक्षा कितीतरी लहान टापूत. आपल्या शहरातल्या माणसाच्या गाडीत, दुकानात, न शोधता कानावर पडणं त्यांना गमवायचं नव्हतं.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे, आणि तिच्याबद्दल मी गप्प राहू शकत नाही. सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीची बातमीपत्रं तशीच्या तशी पुढे ऐकवता येतात, तेवढंच. हवामान, वाहतूक, स्थानिक खेळ, सांस्कृतिक कार्यक्रम, परीक्षा आणि निकाल, वीज-पाण्याचं वेळापत्रक, आपत्तीच्या सूचना यांना सरकार बातमी धरत नाही, म्हणून ते चालतं. म्हणजे पत्रकारितेचा विद्यार्थी सकाळी वर्गात बातमीचे निकष शिकतो आणि दुपारी स्वतःच्या विद्यापीठाच्या रेडिओवर प्रभागसभेत काय ठरलं हे सांगू शकत नाही. तोच संध्याकाळी मोबाईलवरून त्याच सभेचं वार्तांकन यूट्यूबवर टाकू शकतो, तेही कुणा संपादकाच्या नजरेखालून न जाता! जिथे देखरेख आहे तिथे बंदी, जिथे नाही तिथे मोकळं रान. कार्यक्रमांपैकी किमान निम्मे स्थानिक असले पाहिजेत अशी अट धोरणात आहे. स्थानिक बातमीवाचून स्थानिक कार्यक्रम अर्धाच राहतो. विद्यापीठांच्या केंद्रांना शिक्षकांच्या जबाबदारीवर रोज दहा मिनिटांच्या स्थानिक बातम्यांची मुभा द्यायला काय हरकत आहे? हिशेबाला प्रत्येक कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण असतंच.

दुसरीकडे, आवाज तयार करायला आता माणूसही लागत नाही. दूरदर्शनच्या ‘डीडी किसान’ वाहिनीने २६ मे २०२४ला ‘कृष’ आणि ‘भूमी’ हे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे निवेदक आणले. ते न थकता, न चुकता वाचतात. यामुळे निवेदन शिकणाऱ्या मुलांच्या पोटात गोळा आला तर नवल नाही. समोरचं पान शुद्ध उच्चारात वाचणं एवढंच ज्यांचं काम होतं, त्यांची जागा आक्रसणार हे मुलांना स्पष्ट सांगावं. मात्र खिडकीच्या वेळेबद्दल विचारणाऱ्या त्या आईला “ताई, तुमचा तालुका कोणता?” असं उलट विचारणं, पाहुण्यांनी गोलमाल उत्तर दिलं तर नम्रपणे पुन्हा तोच प्रश्न टाकणं, आणि मंडईत जाऊन मावशींना बोलतं करणं हे काम अजून माणसाचंच आहे. मुलांना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राशीही खेळू द्यावं. मुलाखत झरझर कागदावर उतरवायला ते चांगलं आहे. उतरवलेलं मूळ आवाजाशी ताडून बघायची सवय मात्र पहिल्याच दिवशी लावावी, कारण वऱ्हाडी नि मालवणी बोलीपाशी ते ठेचकाळतं आणि ठेचकाळल्याचं कबूल करत नाही.

काही केंद्रांत आणखी एक गोष्ट बघून वाईट वाटतं. सगळा वेळ उद्घाटनं, मान्यवरांची भाषणं आणि जयंतीचे संदेश यांनी भरलेला, आणि विद्यार्थ्यांना मिळतं ते “आता ऐकू या” म्हणण्यापुरतं. चुका होतील म्हणून मुलांना दूर ठेवायचं असेल तर परवाना घेतला कशासाठी? आठवड्यातला निदान एक तास पूर्णपणे पहिल्या वर्षाच्या मुलांकडे द्यावा, विषय त्यांनी निवडावा, फेडर त्यांच्या हातात असावा, आणि प्रसारण संपल्यावर शिक्षकांनी दार लावून तोच तास त्यांच्यासोबत परत ऐकावा.

परवान्याच्या अटींनुसार प्रत्येक कार्यक्रमाची ध्वनिमुद्रित प्रत तीन महिने जपून ठेवावी लागते. ही अट तक्रारींसाठी आहे. तीन महिने उलटले की हार्डडिस्कवर जागा हवी म्हणून ते पुसून टाकायला कुणाची आडकाठी नसते. विद्यार्थ्यांनी मुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्या, बंद पडलेल्या गिरणीच्या कामगाराची मुलाखत, पुराच्या रात्रीची आठवण, सगळं अशानं सहज पुसलं जाऊ शकतं. साठवणुकीची किंमत आता इतकी उतरली आहे की वर्षभराचे बोललेले कार्यक्रम एका लहानशा डिस्कवर मावतात. प्रत्येक तुकडीने बाहेर पडताना आपल्या वर्षाचं ध्वनिभांडार विद्यापीठाच्या ग्रंथालयात रीतसर दाखल करावं. सोबत एक यादी असावी: कोण बोललं, कुठे, कोणत्या तारखेला, कोणत्या बोलीत, मुद्रण कुणी केलं, आणि बोलणाऱ्याने परवानगी कशासाठी दिली आहे. यादी करायला आठवडाभर लागेल. तो आठवडा गुणांसह अभ्यासक्रमातच धरावा.